बाळाच्या आधीचा समोसा

पोषणावरचे प्रयोग बहुतेक वेळा गोळ्या देऊन होतात. समोसे खायला घालून झालेला मोठा प्रयोग मला एकच माहीत आहे, आणि तो आपल्या मुंबईतला. २००६ ते २०१२ या काळात इथल्या झोपडपट्ट्यांत 'सरस' नावाचा प्रकल्प चालला. डॉ. रमेश पोतदार, सेंटर फॉर द स्टडी ऑफ सोशल चेंज ही संस्था आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलिन फॉल ही त्यामागची मंडळी. मूल हवं आहे पण अजून दिवस गेलेले नाहीत, अशा ६,५१३ विवाहित स्त्रिया त्यांनी घेतल्या आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला रोज पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला खाऊ, दुसऱ्या गटाला तसलाच, पण बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा. रूप समोशाचं, भज्यांचं. घरचं जेवण नेहमीसारखंच, त्यावर हे जास्तीचं.

ही कल्पना सुचली पुण्याच्या अभ्यासातून. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत गरोदर बायकांच्या आहाराची बारकाईने नोंद ठेवत होते. ज्या आया पालेभाजी, फळं आणि दूध जास्त वेळा खात, त्यांची बाळं जन्मतः चांगली भरलेली असत, हे २००१ साली प्रसिद्ध झालं. पण भाजी परवडणाऱ्या घरात इतरही सुखं असतात. श्रेय नेमकं भाजीचं का, हे ठरवायला प्रयोगच करावा लागणार होता.

मला या प्रकल्पात सगळ्यात भावतं ते खाऊ देण्याचं तंत्र. पुडी बांधून घरी दिली असती, तर ती पोरांनी, दिरांनी, नवऱ्याने संपवली असती. आपल्याकडे सून शेवटी जेवते आणि तिच्या वाट्याला बहुधा भाजीचं पातेलं खरवडणंच येतं. म्हणून वस्तीतच केंद्रं काढली. बायकांनी तिथे यायचं, तिथेच बसून खायचं आणि कोणी किती खाल्लं ते वहीत टिपायचं. महिनोन् महिने. औषध म्हणून दिलेली पालकाची वाटी किती जणींनी रोज संपवली असती? गरम, कुरकुरीत काहीतरी मिळतंय म्हटल्यावर पाय आपोआप वळतात. एका खाऊत पालेभाजीच्या गटाला जेमतेम १६५ कॅलरी मिळत होत्या, म्हणजे पोटभरीचा हा प्रकार नव्हताच.

निकाल २०१४ साली आला आणि पहिल्या नजरेत तो निराश करणारा होता. सगळ्या बायकांचा एकत्र हिशेब केला तर बाळाच्या वजनातला फरक सरासरी २६ ग्रॅम, म्हणजे योगायोगही असू शकेल इतका. पण गर्भ राहण्याच्या किमान तीन महिने आधीपासून ज्या खात होत्या, त्यांच्या बाळांचं वजन सरासरी ४८ ग्रॅमने जास्त भरलं. अगदी काटकुळ्या बायकांना मात्र फायदा झाला नाही, तो झाला अंगाने बऱ्या असलेल्यांना. मला ही गोष्ट फार बोचते, कारण सर्वांत जास्त गरज होती ती त्यांनाच. त्यांना आधी पोटभर अन्नच हवं होतं, असं माझं मत आहे. आणि २०१६ साली आणखी एक गोष्ट पुढे आली, जिच्यावर मी तासभर बोलू शकेन: गरोदरपणातला मधुमेह दुसऱ्या गटात १२.४ टक्के होता, पालेभाजीच्या गटात ७.३. तळलेला खाऊ खाऊन!

तीन महिन्यांनाही अर्थ आहे. स्त्रीबीज पक्व होण्याचा शेवटचा टप्पा सुमारे तीन महिन्यांचा असतो आणि पुरुषाचं बीज तयार व्हायला अडीच महिने लागतात. बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी तर गर्भधारणेनंतर अठ्ठावीस दिवसांत मिटते. पाळी चुकल्याचं लक्षात येईपर्यंत त्यातले बरेच दिवस गेलेले असतात. म्हणूनच फॉलिक अॅसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी आधीपासून घ्यायची, त्याला पालेभाजी हा पर्याय नाही. शाकाहारी घरात बी-१२ही तपासून घ्यावं.

आता अंबरनाथ पश्चिमेच्या बुवापाड्याकडे येते. इथे माझ्या चांगल्या ओळखीतली एक सून आहे. बाळासाठी ती मनापासून धडपडते आहे. तिच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय: पाळीच्या पहिल्या पंधरवड्यात जवस नि भोपळ्याच्या बिया, दुसऱ्यात तीळ नि सूर्यफुलाच्या. मैदा, साखर, चहा बंद. रोज अॅव्होकॅडो, आणि किनोआ शिजवून. या बियांच्या फेऱ्यांना भक्कम पुरावा नाही, आणि अॅव्होकॅडोच्या एका फळाच्या पैशांत आठवड्याची पालेभाजी येते. पण तिने मला जे सांगितलं ते पैशांपलीकडचं होतं. "काकू, वेगळं शिजवलं की सगळे विचारतात, का गं? मग सांगावं लागतं. आणि दर महिन्याला सगळे माझ्या तोंडाकडे बघतात."

कडक पथ्याचा हा जाच कुठल्याही तक्त्यात लिहिलेला नसतो. वेगळं ताट वाढून घेतलं की साऱ्या घराला वर्दी जाते. सगळ्यांच्या ताटात पडणारी मेथीची भाजी कोणाला काही सांगत नाही. मी तिला म्हटलं, कागद काढून टाक आणि घराची भाजीच बदल. लाल माठ, चवळई, शेपू, शेवग्याचा पाला. पावसाळ्यात आसपासच्या डोंगरांतून येणाऱ्या बायका टोपल्या घेऊन बसतात, त्यांच्याकडचा टाकळा कोवळा असताना खोबरं घालून केला की सासरेही दुसऱ्यांदा मागतात. भारंगी आधी उकडून, पाणी पिळून घ्यावी लागते, नाहीतर कडू जाते. मात्र वालधुनी नदीसारख्या घाण झालेल्या पाण्यावरची भाजी कितीही हिरवीगार दिसली तरी घेऊ नये. भाजीवालीला कुठली ते विचारावं.

बाकीची पार्श्वभूमी थोडक्यात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. आदिवासी भागातल्या गरोदर मातांना एक वेळचा चौरस आहार देणारी अमृत आहार योजना २०१५ साली आली, ती चांगलीच आहे, पण दिवस गेल्यानंतरची. हार्वर्डच्या चावारो आणि विलेट यांनी २००७ साली साडेअठरा हजार स्त्रियांच्या अभ्यासातून ट्रान्स फॅट आणि स्त्रीबीज बाहेर न पडण्यातून येणारं वंध्यत्व यांचा संबंध दाखवला. आपल्याकडे तेलातल्या नि वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटवर २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आहे, तरी वनस्पती तुपात तळलेलं टाळलेलंच बरं.

त्या सुनेच्या घरी आता जे होतं ते असं: दोन मुठी चिरलेली मेथी नि पालक, भिजवलेली हरभऱ्याची डाळ भरड वाटून, चार खजूर बारीक करून, दोन चमचे दूध पावडर, आलं, मिरची, ओवा, मीठ. टिक्क्या थापून तव्यावर थोड्या तेलात. संध्याकाळी चहाबरोबर सगळ्यांना, म्हणजे नवऱ्यालाही. चरकसंहितेत गर्भाधानाच्या तयारीत पुरुषाला औषधांनी सिद्ध केलेलं तूप-दूध सांगितलंय आणि स्त्रीला तीळतेल नि उडीद. खाणं दोघांचं, हे तेव्हाही कळत होतं. तिच्या नवऱ्याची तपासणी मात्र अजून झालेली नाही. पस्तिशीच्या आत वर्षभर आणि पस्तिशीनंतर सहा महिने प्रयत्न करूनही दिवस गेले नाहीत, तर दोघांनी मिळून डॉक्टरकडे जायचं असतं. बायकोच्या सोनोग्राफ्या नि रक्ताच्या चाचण्या सुरू करण्याआधी किंवा त्यांच्याच जोडीने त्याची वीर्यतपासणी व्हायला हवी. ती सोपी आहे, स्वस्त आहे, आणि पुढच्या महिन्यात दोघंही जाणार आहेत.