अंधारातही करंट दाखवणारं सर्किट

फोटोडायोडचा बारीकसा करंट मोजायला लॉग अँप्लिफायर भारी: करंट दहापट झाला की आउटपुट साधारण 60 मिलिव्होल्टनं सरकतं. पण माझं रीडिंग डायोड झाकला तरी 5 नॅनोअँपखाली जाईना. डायोड काढला, तरी तेच! म्हणजे करंट सर्किटमधूनच येत होता.

आधी ऑप-अँप बघा. 741 चा स्वतःचाच बायस करंट 80 नॅनोअँपच्या आसपास, तो इथे बादच. माझा एफईटी इनपुटवाला होता. मग बोर्डावर तोंडाची वाफ सोडली आणि रीडिंग एकदम वर! सोल्डरिंगचा फ्लक्स इनपुट पिनपाशी तसाच होता. 5 व्होल्टची सप्लाय शेजारी, मध्ये घाणीचा 1 गिगाओहम: झाले 5 नॅनोअँप. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं घासून नीट वाळवलं, रीडिंग पिकोअँपमध्ये आलं. (नंतर तिथे बोट लावू नका, घामही करंट वाहून नेतो.) पुढच्या बोर्डात इनपुटभोवती ग्राउंडची गार्ड रिंग टाकणार आहे.