जगाच्या भूगोलाचे सामान्य ज्ञान : चाचणी कशी घ्यावी

शाळातपासणीच्या वेळी फ्रान्सची राजधानी कोणती, जपानची कोणती, असे प्रश्न विचारण्याचा प्रघात फार दिवसांचा आहे, व मुलेही उत्तरे खडाखडा देतात. कोरपना तालुक्यातील एका शाळेत पाचवीच्या वर्गाकडून अशी उत्तरे ऐकून झाल्यावर प्रस्तुत लेखकाने विचारले, "पॅरिसला जावयाचे तर शाळेच्या दारातून कोणत्या दिशेस तोंड करावे?" वर्ग स्तब्ध झाला. वायव्य असे कोणीही म्हणाले नाही. मागील रांगेतील एका कोलाम मुलीस एकही राजधानी सांगता आली नव्हती, परंतु गावच्या नाल्याचे पाणी पैनगंगेस मिळून पुढे वर्धेत जाते हे तिला पक्के ठाऊक होते. नोंदवहीत तिच्या नावापुढे शून्य होते.

हा दोष त्या मुलीचा नव्हे, चाचणीचा आहे. प्रस्तुत लेखकानेही शिक्षक असताना राजधान्यांच्या याद्या पुष्कळ घोकून घेतल्या आहेत, म्हणून हे लिहिण्याचा संकोच वाटत नाही. स्थान, दिशा, अंतर आणि संबंध या चार गोष्टी ज्यास कळल्या त्यास भूगोल आला असे समजावे. चाचणी याच गोष्टींची असावी.

प्रारंभ नाल्यापासूनच करावा. पैनगंगा वर्धेस मिळते. वर्धा व वैनगंगा यांच्या संगमापासून प्राणहिता होते. प्राणहिता गोदावरीस आणि गोदावरी बंगालच्या उपसागरास. "येथे टाकलेले पळसाचे पान अखेर कोठे जाईल?" हा प्रश्न विचारून मुलाने नकाशावर बोट फिरवावे. बोट समुद्रापर्यंत पोहोचले की पलीकडे कोणते देश आहेत, हे तो स्वतःच विचारू लागतो.

सीमा बदलतात, हेही आपल्या भागातील मुलास घरबसल्या शिकविता येते. हा मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, नंतर मुंबई राज्यात आला व १९६० पासून महाराष्ट्रात आहे. पलीकडचे आंध्र प्रदेश २०१४ मध्ये तेलंगण झाले. आजोबांचे घर जागचे हलले नाही, राज्य मात्र बदलले! इतके समजलेल्या मुलास १९९१ मध्ये सोव्हिएत संघाचे विघटन झाले म्हणजे काय झाले, हे सांगण्यास वेळ लागत नाही. काही शाळांच्या कपाटांत सोव्हिएत संघ दाखविणारे नकाशे अद्याप आहेत. ते टाकून देऊ नयेत; नव्या नकाशाशेजारी टांगून फरक शोधावयास सांगावे.

भिंतीवरील नकाशा फसवितोही. अनेक नकाशांत ग्रीनलंड भारताच्या कितीतरी पट मोठे दिसते. वास्तविक ग्रीनलंडचे क्षेत्रफळ सुमारे २१.७ लक्ष चौरस किलोमीटर, तर भारताचे सुमारे ३२.९ लक्ष. गोल पृथ्वी सपाट कागदावर ताणल्यामुळे ध्रुवांकडील प्रदेश फुगतात. पृथ्वीगोल नसल्यास मडक्यावर गेरूने विषुववृत्त व खंड काढावेत. मडके फुटले तर दुसरे आणता येते. पृथ्वीगोल मात्र फुटेल या भीतीने कुलुपात राहतो.

आता एक गोष्ट आवर्जून सांगावयाची. ऑस्ट्रियाचे भूवैज्ञानिक एडुआर्ड झ्यूस यांनी १८८५ मध्ये एका प्राचीन महाखंडास गोंडवन असे नाव दिले, ते मध्य भारतातील गोंडांच्या भूमीवरून. पंचवीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या ग्लॉसॉप्टेरिस नामक वनस्पतीचे अवशेष भारतातील दगडी कोळशाच्या थरांबरोबर सापडतात. तेच दक्षिण अमेरिका, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया व अंटार्क्टिका येथेही आढळले. राजुरा व बल्लारपूरचा कोळसा याच गोंडवन थरांतील. गोंड मुलास आपल्या समाजाचे नाव जगाच्या भूगोलात आहे हे कोणी सांगितलेले नसते. एकदा सांगून पाहावे.

बाजारातील मिरची, मका व भुईमूग मूळचे अमेरिका खंडातील, हेही विचारण्याजोगे.

चाचणी तोंडी घ्यावी. कोलामी, गोंडी किंवा तेलुगू बोलणाऱ्या मुलास उत्तर बोटाने दाखविण्याची मुभा असावी. मराठी शब्द अडला म्हणून ज्ञान नाही असे धरू नये. वर्षारंभी प्रत्येक मुलाकडून जगाचा कोरा नकाशा भरून घ्यावा, तीन महिन्यांनी पुन्हा तोच. दोन्हींवर गुण देऊ नयेत. दिनांक तेवढा घालावा. पुढील शिक्षण परिषदेस येताना प्रत्येक शिक्षकाने अशा चार मुलांचे दोन्ही नकाशे आणावेत, आणि त्यांत एक तरी मागील रांगेतील असावा.