साडेअकरा सेंटिमीटर

जव्हार किंवा मोखाडा तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावरच्या अंगणवाडीत गेलात, तर लाल, पिवळ्या आणि हिरव्या रंगांची एक अरुंद पट्टी तुम्हाला पाहायला मिळेल. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या डाव्या दंडाचा घेर मधोमध तिने मोजतात. घेर ११.५ सें.मी.पेक्षा कमी भरला तर मूल तीव्र कुपोषित, म्हणजे ‘सॅम’. तेथून १२.५ च्या आतपर्यंत मध्यम कुपोषित, ‘मॅम’. या डोंगराळ भागातले बालमृत्यू १९९० च्या दशकात देशभर गाजले होते. तेव्हा या पट्टीवरच्या एका रेघेचे मोल किती, हे वेगळे सांगायला नको.

अशा नोंदी पूर्वी वहीत होत. पुढे अंगणवाडीच्या नोंदी मोबाइलवर आल्या आणि मार्च २०२१ मध्ये केंद्र सरकारने ‘पोषण ट्रॅकर’ आणला. समजा, दंडघेराची आज्ञावली, म्हणजेच प्रोग्रॅम, तुम्हालाच लिहायचा आहे. तुम्ही लिहाल: घेर ११.५ पेक्षा कमी असेल तर ‘सॅम’, नाहीतर १२.५ पेक्षा कमी असेल तर ‘मॅम’, नाहीतर ‘ठीक’. तीन ओळींत काम झाले!

आता यातली मेख पाहा. पहिल्या दोन ओळींची अदलाबदल केली, तर १०.८ सुद्धा १२.५ पेक्षा कमीच असल्यामुळे प्रत्येक ‘सॅम’ मूल ‘मॅम’ ठरेल. बरे, क्रम बरोबर आहे. पण एखाद्या ताईंनी मिलिमीटरमध्ये ११२ असा आकडा भरला तर? ११२ हे १२.५ पेक्षा मोठे, म्हणून यंत्र बिनदिक्कत ‘ठीक’ म्हणेल. ज्या मुलाला आजच दवाखान्यात दाखवायला हवे, तेच यादीतून गळेल. हा दोष ताईंचा नव्हे. एवढ्या लहान मुलाचा दंड ११२ सें.मी. असूच शकत नाही, हे यंत्राला सांगणे लिहिणाऱ्याचे काम होते. मोजायचे राहून गेले आणि यंत्राने रिकाम्या जागेला शून्य मानले, तर उलट घोटाळा होईल.

उंचीची गंमत आणखी निराळी. दोन वर्षांखालच्या मुलाला निजवून मोजतात, त्यावरच्याला उभे करून. निजलेले माप उभ्यापेक्षा सुमारे ०.७ सें.मी. जास्त भरते. म्हणून दीड वर्षाच्या मुलाला उभे करून मोजले असेल, तर आज्ञावलीने ०.७ मिळवायला हवेत. त्यासाठी ‘कसे मोजले?’ हा प्रश्न आधी विचारावा लागतो, आणि तो मापे घेणाऱ्यांबरोबर बसल्याशिवाय सुचत नाही.

डोंगरात रेंज नसते. तेव्हा नोंद मोबाइलमध्येच साठवून रेंज आल्यावर पाठवावी. पाठवताना संपर्क तुटला तर तीच नोंद पुन्हा जाते. म्हणून प्रत्येक नोंदीला स्वतंत्र क्रमांक हवा, नाहीतर एका मुलाची दोन मुले होतील. आणि भाषा? २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले, तेव्हा ॲप इंग्रजीत असल्याची त्यांची एक तक्रार होती. ती रास्तच होती.

वहीत आपल्या तीन ओळी लिहा आणि ११.४, ११.५, १२.५, ११२ व एक रिकामी जागा अशा पाच नोंदी त्यांतून हाताने चालवून पाहा. ११.५ चे उत्तर ‘मॅम’ आले पाहिजे. शेवटच्या दोन नोंदींसाठी किती नव्या ओळी लागतात, ते तुम्हीच मोजा.