निर्मात्याच्या पश्चात यंत्रभागाची पुनर्रचना : जुन्या येझदीच्या पुढील फोर्कसंबंधी एक टिपण

म्हैसूर येथील आयडियल जावा कंपनीचा कारखाना १९९६ साली बंद पडला. चेकोस्लोव्हाकियातील जावा कंपनीच्या परवान्याने १९६१ पासून तेथे प्रथम ‘जावा’ व १९७३ पासून ‘येझदी’ या नावाने मोटारसायकली तयार होत असत. ही नावे अनुक्रमे २०१८ आणि २०२२ मध्ये नव्या कंपनीच्या गाड्यांवर पुन्हा आली. परंतु त्या गाड्यांची रचना सर्वस्वी निराळी असल्याने जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांची अडचण त्यामुळे दूर झालेली नाही. छत्रपती संभाजीनगरात ही विसंगती विशेष जाणवते. वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना १९८५ पासून चालू आहे, आणि मोटारसायकलींचे पुढील फोर्क बनविणारी एन्ड्युरन्स ही कंपनीही याच शहरातील आहे. जेथे नवे फोर्क कारखान्यात मोठ्या संख्येने घडतात, तेथेच जुन्या येझदीचा फोर्क मात्र लेथवर एकेकटा उभा करावा लागतो. हे काम कोणत्या तर्काने चालते, आणि त्यात भाषेचा प्रश्न कोठे उपस्थित होतो, हे सांगणे एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

प्रथम रचना पाहू. या फोर्कच्या प्रत्येक पायात एक नळी दुसरीत सरकते. स्प्रिंग भार तोलते, आणि बारीक छिद्रांतून ढकलले जाणारे तेल स्प्रिंगची उसळी आवरते. तेलाने आवरलेला असा सरकता फोर्क बीएमडब्ल्यूने १९३५ साली विक्रीच्या गाडीवर बसविला. जावाच्या ‘पेराक’ या गाडीवर सरकता फोर्क १९४६ मध्ये आला. धक्का शोषणे हे त्याचे एकच कार्य नव्हे. गाडी वळविणे आणि पुढच्या ब्रेकचा ताण सोसणे हेही त्याच्याकडेच असते. म्हणून त्याच्या दुरुस्तीतील चूक थेट चालकाच्या जिवावर बेतू शकते.

निर्मात्याचा आराखडा हाती नसता मूळ माप कसे ठरवावे? सरकणारी नळी घासते ती सरकण्याच्या पट्ट्यात. तिचा वरचा भाग पकडीत बंदिस्त असल्याने तेथे झीज पोहोचत नाही. दोन्ही ठिकाणचा व्यास मायक्रोमीटरने मोजला म्हणजे मूळ माप आणि झीज ही दोन्ही कळतात. ऐतिहासिक भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला ही रीत परकी वाटू नये. वापराचा रेटा जेथे पोहोचला नाही, तेथे जुने रूप टिकते, हे आपणही मानतो. पथ्येही तीच आहेत. डावी व उजवी नळी सारख्याच मापाच्या निघाल्या, एवढ्यावरून ते माप मूळचे ठरत नाही. दोन्ही सारख्याच झिजल्या असतील. शिवाय मागील एखाद्या दुरुस्तीत दुसऱ्या मॉडेलची नळी बसविलेली असेल, तर तिची साक्ष उसन्या शब्दाच्या साक्षीसारखीच वेगळी काढावयास हवी.

माप ठरल्यावर नळी इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराच्या दोन ठोकळ्यांवर ठेवून फिरवितात आणि डायल गेजने बाक पाहतात. त्या जागी गेजचा काटा एका फेऱ्यात जितका हलतो, त्याच्या निम्मा बाक समजावा. किंचित बाक न तापविता दाबयंत्राखाली काढता येतो; मुडप किंवा चीर असलेली नळी मात्र टाकूनच द्यावी. नंतर जुना क्रोम उतरवून नळी घासतात, कठीण क्रोमचा नवा थर चढवितात आणि पुन्हा घासून नेमक्या मापास आणतात. क्रोम चढविताना पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होण्याचा धोका असतो. म्हणून उच्च बळाचे पोलाद असेल तर नळी वेळ न दवडता भट्टीत ठरावीक काळ तापवून घ्यावी लागते. स्प्रिंगच्या बाबतीतही अंदाज उपयोगी पडत नाही. तिचा ताठपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. बाकी सर्व तेच ठेवून ४ मिलिमीटरऐवजी ४.२ मिलिमीटरची तार घेतली, तर स्प्रिंग सुमारे २२ टक्के अधिक ताठ होते.

आता परिभाषेविषयी. सायकलच्या दुकानात ज्यास ‘चिमटा’ म्हणतात, त्याच जागेच्या भागास मोटारसायकलच्या गॅरेजात ‘पुढचा शॉकअप’ म्हणतात. पहिला शब्द आकारावरून आला आहे, दुसरा कार्यावरून. आणि दुसऱ्यात वळणाचे व ब्रेकचे कार्य लोपले आहे. हा केवळ शब्दकोशाचा प्रश्न नाही. वहीत ‘शॉकअप केला’ एवढीच नोंद असली, तर नळी बदलली, बुश घातले, की नुसते तेलाचे सील बदलले, याचा पुढच्या कारागिराला बोध होत नाही. आणि मूळ माप तर कायमचेच हरवते. यावर नवे संस्कृत शब्द घडविणे हा उपाय नव्हे. आतली नळी, बाहेरची नळी, बुश, सील, आटे, छर्रे आणि वरची-खालची ‘टी’ हे शब्द कारागिरांच्या तोंडी आहेतच. प्रत्येक शब्द एकाच भागासाठी वापरावा, एवढाच नियम पुरे.

येथे एक मर्यादा सांगणे अवश्य आहे. मूळ मापास आणणे ही दुरुस्ती होय. हौसेखातर फोर्क लांब करणे हा बदल होय. लांबीबरोबर फोर्कचा कल आणि गाडीचे वळण बदलते, आणि निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफारास मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ चाही अडसर आहे.

आपल्या विभागातील विद्यार्थ्यांना यातून एक काम सुचवावेसे वाटते. शहरातील जुने लेथ-कारागीर कामावर आहेत तोवर त्यांच्याकडे जावे आणि प्रत्येक भागाचे प्रचलित नाव, मॉडेल, झीज नसलेल्या जागेचे माप व मोजण्याची जागा यांची एकेक नोंदपत्रिका भरावी. निर्माता नसलेल्या यंत्राचा आराखडा अशा पत्रिकांतूनच पुन्हा सिद्ध होईल. आणि मराठीतील यंत्रपरिभाषेलाही वापरातून सिद्ध झालेले शब्द मिळतील.