रंगभवन सुटलं, गिटार सुटली नाही

2022 च्या नोव्हेंबरात, 5 आणि 6 तारखेला, माझगावच्या बेव्ह्यू लॉन्सवर 'इंडिपेंडन्स रॉक' हे रॉक बँडचं संमेलन पुन्हा भरलं. 2013 नंतर ते भरलंच नव्हतं. मंचावर मुंबईचा 'इंडस क्रीड' होता, कोचीचा 'थर्टीन एडी', दिल्लीचा 'परिक्रमा', आणि पुन्हा मुंबईचाच 'पेंटाग्राम'. यांतल्या काहींच्या गाण्यांना तीस वर्षं उलटून गेली आहेत. जी मुलं एकेकाळी कॉलेजला दांडी मारून त्यांना ऐकायला जायची, ती आता स्वतःच्या मुलांची कॉलेजची फी भरतात.

मुंबईला रॉकची आवड कधीच कमी नव्हती. कमी पडली ती जागा. या शहरातल्या रॉकचा इतिहास लिहायला बसलं की तो हॉलांचा, मैदानांचा आणि बंद पडलेल्या दारांचा इतिहास होतो. म्हणून हे जुने वादक एकत्र येतात तेव्हा ते काय वाजवतात याच्याइतकंच ते कुठे उभे राहून वाजवतात हेही महत्त्वाचं ठरतं.

जुन्या मंडळींना 'आय-रॉक', म्हणजेच 'इंडिपेंडन्स रॉक', म्हटलं की एकच ठिकाण आठवतं: धोबीतलावचं रंगभवन. सेंट झेवियर्स कॉलेजच्या शेजारचं, सरकारी मालकीचं, उघड्या आभाळाखालचं प्रेक्षागृह. तिथे मराठी नाटकं झाली, कव्वाल्या झाल्या, मुशायरे झाले. 1978 मध्ये निरंजन झवेरींच्या पुढाकाराने पहिली 'जॅझ यात्रा' तिथेच भरली आणि सॅक्सोफोनचा बादशहा सनी रॉलिन्स तिथे वाजवून गेला. 1980 मध्ये 'द पोलिस' हा इंग्लिश बँडही मुंबईत वाजवून गेला. मग 1986 मध्ये 'मिराज' बँडच्या फरहाद वाडियाने स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास देशी बँडना एकत्र आणणारा हा 'आय-रॉक' कार्यक्रम सुरू केला. ऑगस्ट महिना, वर छप्पर नाही. पाऊस यायचाच. पण भिजत उभं राहून ऐकणं हा त्या कार्यक्रमाचा भागच होऊन गेला.

धोबीतलावलाच हे सगळं का जमलं, यामागे एक जुनी गोष्ट आहे. या भागात गोवेकरांचे 'कूड' होते, काही आजही आहेत. एकेका गावाच्या नावाने चालवलेली ही राहण्याची ठिकाणं. आत भिंतीलगत पत्र्याच्या ट्रंका, एका बाजूला देव्हारा, आणि बोटीवर नोकरी मिळेपर्यंत किंवा बँडमध्ये काम लागेपर्यंत मुक्काम. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातल्या चर्चशी जोडलेल्या शाळांत मुलांना स्वरलिपी शिकवत, व्हायोलिन हातात देत. ती मुलं मुंबईला आली. आधी हॉटेलांच्या जॅझ बँडमध्ये आणि मग हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात त्यांचं बस्तान बसलं. चिक चॉकलेट, सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही नावं सिनेसंगीताच्या रसिकांना परिचयाची आहेत. जेर महालमधलं फुर्तादोसचं वाद्यांचं दुकानही याच नाक्यावर. रॉकवाले आले तेव्हा गिटारची तार कुठे मिळते, ड्रम कोण दुरुस्त करतं, स्वरलिपी कोण वाचून दाखवेल, ही माहिती या गल्ल्यांत आधीपासून मुरलेली होती.

साठच्या दशकात बीटल्स आले आणि गिटार घेतलेली मुलं मुंबईत ठिकठिकाणी दिसू लागली. 'सिमला' सिगारेटच्या जाहिरातीसाठी तंबाखू कंपनीने 'सिमला बीट' नावाची बँडची देशव्यापी स्पर्धा घेतली. तिची अंतिम फेरी मुंबईत, षण्मुखानंद सभागृहात व्हायची. 1970 आणि 1971 च्या बँडच्या तबकड्याही निघाल्या. कलकत्त्याहून निघणारं 'जेएस' हे तरुणांचं साप्ताहिक या बँडच्या बातम्या छापायचं, आणि शिलाँगच्या मुलाला मुंबईत काय चाललंय ते त्यातून कळायचं. 1971 मध्ये लोणावळ्याजवळच्या मळवलीत 'स्नेहयात्रा' नावाचा खुल्या मैदानातला महोत्सवही झाला. कार्ल्याच्या डोंगराखालच्या त्या गावात रॉक वाजलं होतं, हे मावळातल्या आजच्या पिढीला सांगितलं तर पटणार नाही.

कुलाब्यात 'स्लिप डिस्क' नावाचा एक छोटा डिस्कोथेक होता. 1972 मध्ये लेड झेपेलिनचे रॉबर्ट प्लांट आणि जिमी पेज मुंबईत आले, तेव्हा एका रात्री ते तिथे इथल्याच वादकांची वाद्यं घेऊन वाजवायला उभे राहिले. त्याच मुक्कामात त्यांनी मुंबईच्या वादकांना घेऊन स्टुडिओत दोन गाणी ध्वनिमुद्रित केली. ती अधिकृतपणे बाहेर आली 2015 मध्ये, म्हणजे त्रेचाळीस वर्षांनी.

त्या काळच्या वादकांच्या हाताशी काय होतं? परदेशी गिटार आणायची म्हणजे जबर आयात शुल्क, नाहीतर जहाजावरच्या ओळखीच्या माणसाची मिनतवारी. बाकी सगळं इथलं. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणायचे आणि एखाद्या हुशार मित्राकडून अॅम्प्लिफायर बांधून घ्यायचा. गाणी छापील कुठे मिळत नसत. तबकडीवरची सुई उचलायची, एक ओळ मागे ठेवायची, ऐकायची, लिहायची, पुन्हा उचलायची. बेस गिटारच्या तारा महाग. काही महिन्यांत त्या घामाने आणि मळाने भरतात आणि आवाज मंदावतो. मग त्या सोडवून पातेल्यात उकळत्या पाण्यात टाकायच्या. गुंडाळीच्या फटींत अडकलेला चिकटा सुटतो, तारा पुसून कोरड्या केल्या की पुढचे काही कार्यक्रम निभतात. सगळ्या जगातले गरीब बेसवादक हे करत आले आहेत. फरक इतकाच की इथे बराच काळ त्याला पर्याय नव्हता. आज वेबसाइटवरून दोन दिवसांत तारा घरी येतात, त्यामुळे त्या पिढीने एकेका सुरासाठी काय उस्तवार केली याची कल्पना येणं अवघड आहे.

या पिढीतला मराठी वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावा असा माणूस म्हणजे नंदू भेंडे. आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे यांचा मुलगा. वडिलांची आणि बबन प्रभूंची फार्सची जोडी महाराष्ट्राने डोक्यावर घेतलेली, घरात मराठी रंगभूमी नांदत होती आणि मुलगा मात्र रॉक गायला लागला. 'वेल्व्हेट फॉग', 'सॅव्हेजेस', 'अॅटॉमिक फॉरेस्ट' अशा बँडमधून तो गायला. सॅव्हेजेसमध्ये एके काळी जे. जे.त वास्तुकला शिकणारा गोव्याचा रेमो फर्नांडिसही वाजवून गेला आहे. 1974 मध्ये अॅलेक पदमसींनी 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' मंचावर आणलं तेव्हा नंदू जुडास झाला. पुढे 1978 मध्ये पु. ल. देशपांड्यांनी ब्रेख्तच्या नाटकावरून लिहिलेला 'तीन पैशाचा तमाशा' जब्बार पटेलांनी बसवला, त्यातही नंदू होता. लावणीच्या आणि नाट्यपदाच्या शेजारी रॉकचा गळा उभा राहिला आणि मराठी प्रेक्षकाला तो परका वाटला नाही. रॉक हे इंग्रजी शाळेतल्या मुलांचं खूळ, असं आपल्याकडे सहज म्हटलं जातं. नंदूचं उदाहरण समोर ठेवलं की ते म्हणणं टिकत नाही. एप्रिल 2014 मध्ये तो गेला. माझगावच्या त्या संध्याकाळी तो असायला हवा होता, असं त्याला ऐकलेल्या कोणालाही वाटेल.

नंदूची पिढी प्रामुख्याने दुसऱ्यांची गाणी वाजवायची. प्रेक्षकांनाही तेच हवं असायचं. स्वतःचं गाणं सुरू केलं की खालून फर्माईश यायची, 'डीप पर्पल वाजवा!' ती कोंडी 'रॉक मशीन'ने निर्धाराने फोडली. 1984 मध्ये मुंबईत उभा राहिलेला हा बँड. गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर आणि जयेश गांधी, बेसवर मार्क सेल्विन, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया, ड्रमवर मार्क मेनेझिस. 1988 मध्ये 'रॉक अँड रोल रेनेगेड' हा त्यांचा स्वतःच्या गाण्यांचा अल्बम आला, 1990 मध्ये दुसरा. 1993 मध्ये त्यांनी नाव बदलून 'इंडस क्रीड' केलं. पुढच्या गाण्यांत इथल्या वाद्यांचे, इथल्या लयीचे रंग उतरू लागले. त्यांच्या गाण्यांच्या चित्रफिती 'एमटीव्ही'वर दिसायच्या, तेव्हा चाळीतल्या पोरालाही वाटायचं, हे आपल्या गावचे आहेत.

1997 मध्ये बँड थांबला. उदय आणि जयेश न्यूयॉर्कला गेले, तिथे त्यांनी 'आम्स फॉर शांती' हा गट काढला. इतर बँडचे बरेच वादक जाहिरातींच्या जिंगल्समध्ये, सिनेमाच्या ध्वनिमुद्रणांत, नोकऱ्यांत गेले. आजच्या हिंदी सिनेसंगीतातली गिटार कान देऊन ऐकली तर या बँडची तालीम त्यात सापडते. शंकर-एहसान-लॉय यांच्यातला एहसान नूरानी या रॉकच्या वातावरणातूनच आलेला, आणि विशाल-शेखरमधला विशाल ददलानी म्हणजे पेंटाग्रामचा गायक. 2008 मध्ये 'रॉक ऑन!!' आला. मुंबईच्या एका फुटलेल्या बँडची वर्षांनंतर पुन्हा गाठ पडते, ही त्याची कथा. प्रेक्षकांना ती सिनेमाची कथा वाटली, इथल्या वादकांना शेजाऱ्याची.

तोवर रंगभवन गेलं होतं. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली आले. रुग्णालय, शाळा-कॉलेज आणि न्यायालय यांच्याभोवतीचं शंभर मीटरचं अंतर शांतता क्षेत्र ठरलं. रंगभवनाच्या एका बाजूला कॉलेज, हाकेच्या अंतरावर कामा रुग्णालय आणि जी. टी. रुग्णालय. 2003 पासून तिथला मोठा आवाज थांबला. नियम रास्त आहे, हे मी मनापासून म्हणतो. आजाऱ्याच्या उशाशी ड्रम वाजू नये. पण एक जागा काढून घेतली तर शहराने दुसरी द्यायला हवी होती, आणि ती दिली नाही. परवडणाऱ्या भाड्याचं, रेल्वे स्टेशनाजवळचं, तीन-चार हजार माणसं मावतील असं उघडं प्रेक्षागृह दक्षिण मुंबईत पुन्हा झालं नाही. आय-रॉक अंधेरीच्या चित्रकूट मैदानावर गेलं, काही वर्षं टिकलं, थांबलं.

इंडस क्रीड 2010 मध्ये पुन्हा जमला. उदय, महेश आणि झुबिन हे जुने तिघे. बेसवर रुशाद मिस्त्री आणि ड्रमवर जय रो कवी हे तरुण. या पुनर्मीलनातली मला सर्वात मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे ते जुन्या गाण्यांवर थांबले नाहीत. 2012 मध्ये त्यांनी 'इव्हॉल्व्ह' हा पूर्ण नवा अल्बम काढला. जुन्या बँडच्या पुनर्मीलनाचे दोन प्रकार असतात: एक आठवणींचा, दुसरा कामाचा. आठवणींचा प्रकार एका संध्याकाळपुरता छान असतो. पण पन्नाशीला आलेली माणसं आठवड्यामागून आठवडे तालमीच्या खोलीत बसून नवं गाणं रचतात, तेव्हा त्यांच्या कलेविषयी बोलायला खरी जागा मिळते.

वय झाल्यावर रॉक गाणं हे शारीरिक कष्टाचं काम आहे. तरुणपणी ज्या वरच्या सुरात आरोळी ठोकली, तिथे गळा पन्नाशीत सहज जात नाही. आपले शास्त्रीय गायक वयानुसार पट्टी उतरवतात, तसंच अनेक रॉक बँड सगळ्या गिटारी अर्धा किंवा एक स्वर खाली लावून घेतात. तारांचा ताण कमी झाल्याने बोटांवरचा भार हलका होतो, आवाजही थोडा जाड, गडद होतो. ड्रमवादकाच्या मनगटाची आणि कमरेची गोष्ट वेगळी. तिथे पट्टी उतरवून भागत नाही. म्हणून कार्यक्रमाआधी महिनाभर रोज सराव करावा लागतो, आणि तो घर, नोकरी, मुलांच्या परीक्षा सांभाळून. दोन तासांच्या कार्यक्रमामागे हे सगळं असतं.

माझगावला जुन्यांच्या सोबत 'ब्लडीवुड'सारखा दिल्लीचा नवा बँडही होता. ढोल आणि मेटलची सांगड घालून तो जर्मनीतल्या 'वाकन' महोत्सवापर्यंत पोचला आहे. रॉक मशीनने आपली गाणी मुंबईत खपवण्यासाठी जी झुंज दिली, तिच्यामुळे या मुलांना 'तुमचं स्वतःचं वाजवा' असं म्हणणारा प्रेक्षक मिळाला.

आता दस्तऐवजाचा प्रश्न उरतो. सिमला बीटच्या तबकड्या परदेशी संग्राहकांनी शोधून पुन्हा छापल्या. अॅटॉमिक फॉरेस्टची गाणी अमेरिकेतल्या 'नाऊ-अगेन' या कंपनीने पुन्हा बाजारात आणली. आपल्या राज्यात यांचा एकत्र संग्रह असायला हवा. त्यातला बराच ऐवज घराघरांत पडून आहे: रंगभवनात लपवून नेलेल्या टेपरेकॉर्डरवर भरलेल्या कॅसेट, तिकिटांचे तुकडे, कॉलेजच्या महोत्सवांचे फोटो. यंदा दिवाळीला माळा आवरताना अशी कॅसेट सापडली तर ती लगेच लावून बघू नका. आतल्या फितीच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. ती टेपरेकॉर्डरच्या हेडला लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला चिकटते. कॅसेट कोरड्या जागी, उभी ठेवा, आणि ध्वनिमुद्रणं साफ करून संगणकावर उतरवून देणाऱ्या जाणकाराकडे न्या. फोटोंच्या मागे पेन्सिलीने बँडचं नाव, वर्ष, जागा आणि ओळखू येणाऱ्या प्रत्येक वादकाचं नाव लिहा. ज्यांना ती नावं सांगता येतात ते आज सत्तरीच्या पुढे आहेत. म्हणून फोन याच आठवड्यात करा.