दमट घरांचा दोष कोणाचा?

जुलैच्या मध्यावर मुंबईतील किंवा कोकणातील कोणत्याही घरात डोकावावे. मिठाच्या बरणीला पाणी सुटलेले असते, काड्यापेटीची काडी ओढता ओढत नाही, कपाटातल्या शालूला कुबट वास येतो, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर पांढरट बुरशी धरते आणि पलंगामागच्या भिंतीवरून रंगाचे पोपडे सुटू लागतात. हे सारे आपण पावसाळ्याचे अटळ देणे म्हणून मान्य केले आहे. घर ओलसर राहिले तर दोष आभाळाचा, नाहीतर गृहिणीच्या टापटिपीचा, असा सर्वसाधारण समज. ज्याने ते घर बांधले आणि ज्याने ते तसे बांधू दिले, त्यांचे नाव या संदर्भात सहसा कोणी घेत नाही.

हवेत किती बाष्प मावावे हे तिच्या तापमानावर ठरते. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावते; २० अंशांना अवघे १७. म्हणून बाष्पाने भरलेली उबदार हवा गार पृष्ठभागाला टेकली की तेथे पाणी उतरते. माणसाला साधारणपणे ४० ते ६० टक्के सापेक्ष आर्द्रता सुखावह वाटते. मुंबईच्या पावसाळ्यात बाहेरचीच आर्द्रता ८०-८५ टक्क्यांच्या आसपास असते. घरात ती मोजायला यंत्रच हवे असे नाही. शुद्ध मिठाला पाणी सुटते ते सुमारे ७५ टक्क्यांच्या वर, आणि बुरशीही त्याच सुमारास जोर धरते. (खड्याचे मीठ त्यातील इतर क्षारांमुळे थोडे आधीच पाझरते.) आजीबाई बरणीत तांदळाचे चार दाणे टाकीत, त्याने मीठ मोकळे राही, हवा मात्र होती तशीच राही.

या बाहेरच्या बाष्पात आपण घरातल्या घरात भर घालीत असतो. श्वास, घाम, अंघोळी, भाताची वाफ, खोलीत दोरीवर वाळणारे कपडे हे सर्व धरले, तर चौघांच्या कुटुंबाकडून दिवसाकाठी दहाएक लिटर पाणी हवेत जाते. गॅसच्या शेगडीचा हिशोब तर बहुतेकांना ठाऊकच नसतो. १४.२ किलोचा एक सिलिंडर जळून संपेतो त्यातून सुमारे २२ लिटर पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. हे पाणी कोठे जाते? वाट असेल तर बाहेर. नसेल तर भिंतीत, गादीत आणि कपाटामागे.

कोकणातले जुने घर या प्रश्नाचे उत्तर देत होते. जोते उंच, त्यामुळे जमिनीची ओल वर चढण्यास आडकाठी. छपराच्या वळचणी इतक्या पुढे आलेल्या, की पागोळ्या भिंतीपासून दूर पडत. सभोवार पडवी, म्हणजे झडीचा मारा मुख्य भिंतीवर येतच नसे; ज्या बाजूने वारा, त्या बाजूस नारळाच्या झावळ्यांचे झाप बांधले जात. कौलांच्या फटींतून वाफ आणि धूर वर निघून जाई. चुलीच्या उबेने माळ्यावरचे धान्य कोरडे राही. बाळंतिणीच्या खोलीत शेगडीवर पाटी उपडी घालून दुपटी वाळविली जात. त्या धुराने बायकांचे डोळे आणि फुप्फुसे खराब झाली, हे विसरून त्या घराचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तथापि, पाणी भिंतीपासून दूर ठेवावे आणि वाफेला वाट द्यावी, ही त्या बांधणीतील दोन सूत्रे आजही तितकीच खरी आहेत.

शहरातील सदनिकेत ती दोन्ही मोडली. छज्जा वीतभर उरला, पाऊस थेट बाहेरच्या भिंतीवर आपटू लागला. बाल्कन्या आपण रहिवाशांनीच बंद करून खोलीत घेतल्या, आणि पडवीचे उरलेसुरले काम करणारी जागाही गेली. लाकडी झडपांच्या जागी सरकत्या काचा आल्या. त्या खिडकीचे निम्मेच तोंड केव्हाही उघडते. दारावरची जाळीची झरोकी तर नकाशातूनच नाहीशी झाली.

ही चूक अज्ञानाने झाली असे म्हणण्याचीही सोय नाही. १८९६ च्या प्लेगने मुंबईला हवा-उजेडाचे मोल शिकविले होते. त्यातून १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि पुढे ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या प्रकाशकोनाचा नियम आग्रहाने मांडला. साध्या भाषेत त्याचा अर्थ एवढाच, की समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निदान निम्मी मोकळी जागा मध्ये असावी. म्हणजे तळच्या खोलीतूनही आकाश दिसेल.

आता गोवंडीत नटवर पारेख कंपाउंडमध्ये जावे. प्रकल्पग्रस्तांसाठी बांधलेल्या तेथील इमारती सात मजल्यांच्या, आणि दोहोंमधले अंतर काही ठिकाणी अवघे तीन मीटर. ऑर यांच्या मापाने ते दहा मीटर तरी असावयास हवे होते. खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावावा लागतो. या व अशाच वसाहतींचा ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था आणि मुंबईची आयआयटी यांनी केलेला अभ्यास २०१८ साली पुढे आला. जेथे उजेड आणि वारा कमी, त्या खालच्या मजल्यांवर क्षयरोगाचे प्रमाण अधिक असल्याचे त्यात दिसून आले. ओलीमुळे क्षय होतो असे नव्हे. परंतु जी कोंडलेली हवा भिंतीवर बुरशी वाढविते, तीच रोग्याच्या खोकल्यातील जंतूही खोलीत टिकवून धरते.

सुखवस्तू कुटुंबांनी आपल्यापुरता तोडगा काढला आहे. वातानुकूलन यंत्र हवेतील पाणी काढते हे खरे. पण यंत्र बंद करून खिडकी उघडली की गार पडलेल्या भिंतीवर आणि गादीवर बाहेरचे बाष्प येऊन बसते. त्यामुळे खोली फार गार करू नये हे बरे. बाष्प शोषणारी स्वतंत्र यंत्रेही मिळतात. ती पाणी काढतात, पण खोली थोडी तापवितात आणि विजेचे बिल वाढवितात. कमी खर्चाचे उपाय आहेतच: स्वयंपाक आणि अंघोळ चालू असता व नंतर अर्धा तास हवा बाहेर फेकणारा पंखा चालवावा, कपाट बाहेरच्या भिंतीपासून वीतभर दूर ठेवावे, उघडीप मिळताच समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्या, गिलाव्याच्या भेगा पावसाआधी बुजवाव्या. ज्या घरात एकच खिडकी आहे आणि तीही शेजारच्या भिंतीकडे तोंड करून, तेथे मात्र यांतील निम्मे उपाय गैरलागू ठरतात. नेमकी अशीच घरे सवलतींच्या नावाखाली पुनर्वसनाच्या वाट्याला येतात. झोपडीपेक्षा पक्के घर बरे, हा त्यावरचा ठरलेला युक्तिवाद.

धारावीसह मुंबईतील मोठमोठ्या पुनर्विकासांचा विचार चालू असताना, मोकळ्या जागेची सवलत देण्यापूर्वी सर्वांत खालच्या मजल्यावरील खोलीत किती उजेड आणि किती वारा पोहोचेल, याचे गणित नकाशासोबत मागितले गेले पाहिजे. ते गणित करण्याची साधने आज वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही उपलब्ध आहेत. इमारत उभी राहिल्यावर आणखी एक तपासणी व्हावी, आणि ती जुलै-ऑगस्टमध्ये, तळमजल्यावर, कुटुंब राहत असलेल्या खोलीत. मार्चमध्ये त्याच खोलीत गेलेल्या तपासनिसाला भिंती कोरड्याच आढळतील.