घरच्या लेथवर चालते इंजिन : एका शेडमधील हुनरची गोष्ट

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत ज्यांचे जुने येणे-जाणे आहे, त्यांना ऑईल इंजिनचा ठोका आठवत असेल. भातगिरणी असो की विहिरीवरचा पंप, लांबून आवाज ऐकूनच समजे की काम चालू आहे. गिरण्या आणि पंप विजेवर गेले आणि इंजिन दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींच्या शेडमधले काम उतरले. त्यांची मुले आता मुरबाडच्या एमआयडीसीत कंत्राटी कामाला जाताना दिसतात. हाताला जो हुनर बापाकडून मिळाला असता, तो मध्येच तुटतो.

शहापूर तालुक्यातील आमच्या ओळखीच्या एका मिस्त्रीच्या घरीही हाच प्रसंग आला होता. घरामागे पत्र्याची शेड, त्यात एक जुना लेथ, एक ड्रिल आणि एक बाकडा. मिस्त्री लेथ भंगारात काढायला निघाले. आयटीआय झालेल्या मुलाने एक वर्षाची मुदत मागितली. म्हणाला, "बाबा, या लेथवर मी पेट्रोलचे छोटे इंजिन बनवून चालवून दाखवतो. नाही चालले तर विका." मला विचारले तेव्हा मी व्यापाऱ्याचे उत्तर दिले की, ज्या मालाला गिऱ्हाईक नाही तो माल बनवू नये. आज त्या उत्तरातील अर्धा भाग मला परत घ्यावा लागत आहे.

इंजिन कसे बनले

इंजिन चार स्ट्रोकचे. जर्मनीच्या निकोलस ऑटो यांनी 1876 साली जे तत्त्व यशस्वी केले तेच: हवा-पेट्रोल आत घेणे, दाबणे, पेटवणे, धूर बाहेर टाकणे. बोअर 25 मिलिमीटर, स्ट्रोक 30 मिलिमीटर, म्हणजे साधारण पावणेपंधरा सी.सी. सिलिंडर आणि पिस्टन दोन्ही बिडाचे, कारण बीड बिडावर चांगले चालते आणि गरम झाल्यावर दोन्ही सारखेच फुगतात. बाजूला दोन जड फ्लायव्हील. प्लग शंभर सी.सी.च्या मोटारसायकलचा, 10 मिलिमीटर आट्यांचा; कॉईल आणि पॉईंटही जुन्या गाडीचेच.

वेग आवरायची युक्ती जुन्या शेती इंजिनांची आहे. वेग वाढला की गव्हर्नर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडाच धरून ठेवतो. मग आत ओढ निर्माण होत नाही, हलक्या स्प्रिंगचा इनलेट व्हॉल्व्ह उघडत नाही आणि पेट्रोल खर्च होत नाही. फ्लायव्हीलच्या जोरावर इंजिन फिरत राहते. वेग उतरला की पुन्हा एक ठोका.

सर्व भाग जोडून झाले, पण इंजिन चालेना. ठिणगी बरोबर, पेट्रोल बरोबर, तरी तीन महिने नुसते फ्लायव्हील फिरवणे चालले होते. शेजारीपाजारी हसू लागले. शेवटी बापानेच सांगितले, "ठिणगी सोड, दाब बघ." हेड उलटे करून व्हॉल्व्हवर रॉकेल ओतले, तर ते काही मिनिटांत खाली झिरपले. व्हॉल्व्ह सीटवर नीट बसत नव्हते. दाबलेली हवा तिथूनच निसटत होती. मुलाने बारीक ग्राइंडिंग पेस्ट लावून व्हॉल्व्ह पुन्हा घासले. सिलिंडर लॅप करून पिस्टन असा बसवला की दोघांत मिलिमीटरचा दोन ते तीन शतांश एवढीच फट राहिली. त्यानंतर एका संध्याकाळी मगरिबच्या नमाजनंतर मला बोलावणे आले. "चाचा, ऐका," एवढेच तो बोलला. इंजिन चालू होते. मिस्त्री काही बोलले नाहीत. लेथचा चक फडक्याने पुसत उभे राहिले.

मग फायदा काय?

ते इंजिन विकले गेले नाही, विकणारही नाही. पण दोन शतांशात काम करणारा हात तयार झाला आणि त्या हाताला गिऱ्हाईक आहे. लूमच्या धंद्यातील माझ्या ओळखीच्या एका कारखानदाराला बुश वेळेवर मिळत नव्हते. नमुन्याला दहा करून दिले, सगळे एका मापाचे निघाले. फवारणी पंप आणि गवत कापणी यंत्रांची छोटी इंजिनेही आता त्या शेडमध्ये येतात. लेथ भंगारात गेला नाही. कापडात जसा एक ताणा चुकला तर पूर्ण थानाचा भाव पडतो, तसेच लोखंडात मापाचे आहे.

ही वाट नवी नाही. अल-जझरी यांनी हिजरी 602, म्हणजे 1206 साली, यंत्रांवरचा आपला ग्रंथ पूर्ण केला. त्यात क्रँकचा उपयोग आणि दोन सिलिंडरचा पाणी ओढणारा पंप आकृतीसह दिलेला आहे. ते स्वतः कारीगर होते. मुंबईत माझगावचे आर्देशिर कर्सेटजी वाडिया यांनी 1830 च्या दशकात एक हॉर्सपॉवरचे वाफेचे इंजिन बनवले, 1834 साली आपल्या बंगल्यात गॅसचे दिवे लावले आणि 1841 साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे ते पहिले भारतीय फेलो झाले. लक्ष्मणराव किर्लोस्करांची सुरुवात 1888 साली बेळगावातील सायकलच्या दुकानातून झाली. त्यांच्या लोखंडी नांगराला शेतकरी आधी हात लावत नव्हते. त्याच घराण्याची ऑईल इंजिन कंपनी 1946 साली पुण्यात उभी राहिली.

करणाऱ्यांसाठी चार गोष्टी

ज्यांना हे करायचे असेल त्यांनी व्याजाने पैसे काढून लेथ घेऊ नये; आधी ओळखीच्या वर्कशॉपमध्ये हात बसवावा. हत्यारे मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटला मिळतात, पण पहिला पैसा चांगल्या मायक्रोमीटरवर खर्च करावा. पेट्रोल शेडमध्ये साठवू नये. बंद खोलीत इंजिन कधीही चालवू नये, त्याचा धूर जीव घेतो. फिरत्या फ्लायव्हीलजवळ सैल कुर्त्याची बाही किंवा रुमाल नको.

आमच्या समाजात कारीगर कमी नाहीत. कमी आहे ती सबर आणि मुलाला एक वर्ष देण्याची तयारी. ज्यांच्या घरी जुना लेथ धूळ खात असेल, त्यांनी तो वजनावर विकण्यापूर्वी घरातील मुलाला एकदा विचारावे, एवढीच विनंती.